गाडीची स्पेशल हत्यारं घरीच बनवायची असतील तर, नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

ज्यांनी आत्ताच घरी गाडी उघडायला सुरुवात केलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाने, गोट्या (सॉकेट), पकड, पेचकस एवढं सगळं घेऊन झालं की काही दिवस मजेत जातात, मग एखाद्या कामात मॅन्युअल सांगतं की इथे अमुक नंबरचं स्पेशल टूल लावा, आणि ते टूल एकतर मिळत नाही किंवा वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी घ्यावंसं वाटत नाही. मग बरेच जण छन्नी-हातोडी घेऊन नटाचे कोपरे मारत बसतात, नट जातो, केसिंगला चरे पडतात, आणि घरी गाडी करायचा उत्साहच संपतो. हे टाळता येतं. यातली बरीचशी हत्यारं पट्टी, नट-बोल्ट आणि जुन्या पार्टमधून आरामात बनतात, फक्त कुठलं बनवायचं, कशातून बनवायचं आणि कुठल्याला हातच लावायचा नाही हे आधी डोक्यात पक्कं हवं.

बाइक आणि कार दोन्हीचं एकत्रच सांगतो, तत्त्व तेच आहे.

१) आधी बघा की ते टूल नक्की करतं काय

मॅन्युअलमधलं चित्र नीट बघा. कितीही अवघड नावाचं टूल असलं तरी ते चारपैकीच एक काम करत असतं: काहीतरी फिरू न देता धरून ठेवतं, ढकलतं, ओढतं, नाहीतर जिथे हात जात नाही तिथे पोचतं. बस. तुमचं टूल त्याच्यासारखं दिसायला पाहिजे असं अजिबात नाही, त्याने तेवढं एक काम केलं की झालं.

मग दुसरा प्रश्न, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. जोर कुठून सुरू होतो आणि कुठे जाऊन संपतो? समजा क्लचचा मधला नट खोलायचाय. पान्याने लावलेला जोर नटातून हबवर (ज्या दातेरी तुकड्यावर क्लचच्या प्लेट बसतात त्यावर) येतो, आणि तो हब कुणीतरी धरला पाहिजे. आता तो जोर तुम्ही हबच्या एका दातावर अडवला तर तो ॲल्युमिनियमचा दात तुटणार, सगळ्या दातांवर वाटला तर काही होणार नाही. कागदावर पार्टचं साधं चित्र काढा आणि जोराचा रस्ता बाणाने दाखवा. तो रस्ता नाजूक जागेतून जात असेल, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, ॲल्युमिनियमची पातळ भिंत, गॅस्केटची घासलेली सपाट जागा, ऑइल सीलचा ओठ, तर डिझाइन बदला. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि याने जेवढं नुकसान वाचतं तेवढं दुसऱ्या कशाने वाचत नाही.

२) ही हत्यारं घरी बनवायची नाहीत

हे मुद्दाम वरच लिहितोय, कारण पुढचं वाचून हुरूप येतो आणि मग माणूस काहीही वेल्ड करायला लागतो.

कारखाली लावायचे जॅक स्टँड बनवू नका. घरच्या वेल्डिंगचा टाका वरून सुंदर दिसतो आणि आत लोखंडाला धरलेलाच नसतो, ते ओळखायला अनुभव लागतो आणि तोपर्यंत तुमची छाती गाडीखाली असते. विटा आणि पोकळ ब्लॉक तर नकोच नको, ते वाकत नाहीत की आवाज करत नाहीत, एकदम फुटतात. स्टँड लावल्यावर जास्तीचा आधार म्हणून काढलेलं चाक बॉडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा किंवा भरीव लाकडाचे जाड ठोकळे चौकटीसारखे रचा, ते चांगलंच आहे. पण मुख्य आधार विकतच्या, वजनाचा आकडा लिहिलेल्या स्टँडचाच.

कारच्या सस्पेन्शनची कॉइल स्प्रिंग दाबायचं टूल, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसर, तेही नाही. आटेरी रॉड (पूर्ण लांबीभर आटे असलेली सळई) आणि वाकवलेले हूक लावून केलेले प्रकार तुम्हाला बघायला मिळतील, पण त्या दाबलेल्या स्प्रिंगमध्ये इतकी ताकद साठलेली असते की हूक सटकला तर समोर जे असेल ते जातं.

आणि बारीक मोजायची साधनं. फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पत्र्या), व्हर्नियर, प्रेशर गेज हे विकतच घ्या, कारण मोजमाप चुकलं की बाकीचं सगळं काम बरोबर करूनही इंजिन चुकीचंच बसतं. टॉर्कचं, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं, मात्र एक घरगुती गणित आहे, ते शेवटी सांगतो.

३) हाताशी काय काय लागेल

- व्हाइस. टेबलाला पक्का बोल्ट केलेला. हा नसेल तर आधी हाच घ्या, बाकी सगळं नंतर.
- हॅक्सॉ आणि दोन प्रकारचे ब्लेड, जाड मालासाठी इंचाला १८ दात, पातळ पट्टी आणि पाइपसाठी २४ किंवा ३२. पातळ पत्र्यावर मोठे दात लावले की दात अडकून तुटतात.
- कानशी: एक चपटी, एक गोल, एक छोटी तिकोनी.
- ड्रिल मशीन, चांगले बिट, सेंटर पंच.
- टॅप आणि डाय. एम ६, एम ८, एम १० एवढे पुरतात. एम ६ साठी ५ मिमीचं भोक, एम ८ साठी ६.८, आणि एम १० च्या जाड आट्यांसाठी ८.५. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तेल सोडत राहायचं, नाहीतर आत तुटतो आणि मग तो काढणं हे वेगळंच दुखणं होऊन बसतं.
- अँगल ग्राइंडर असला तर वेळ वाचतो, नसला तरी चालतं.
- वेल्डिंग येत नसेल तर अडून बसू नका. सगळं कापून, घासून, क्लॅम्पने जागेवर धरून तयार करा आणि तेवढे दोन टाके येणाऱ्या माणसाकडून मारून घ्या.
- डोळ्यांचा गॉगल, आणि ग्राइंडरला कानांचं पण काहीतरी.

काही गोष्टी लक्षात ठेवा. ड्रिल चालवताना हातात हातमोजे नकोत, कापड बिटमध्ये गुंडाळलं की बोट सोबत जातं. आणि कापायची पातळ डिस्क बाजूने घासायला वापरायची नाही, ती त्यासाठी बनलेलीच नाही, फुटते. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणाऱ्यांचं बघून तुम्ही काढू नका. पेट्रोलची टाकी किंवा कार्ब्युरेटर उघडा असेल त्या खोलीत ग्राइंडर चालूच करायचा नाही, ठिणगी वाटते त्यापेक्षा खूप लांब जाते.

४) लोखंड ओळखायला शिका

नवीन लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात. भंगारातलं सगळं लोखंड सारखं वाटतं, पण नसतं.

साधी पट्टी, अँगल, सळई हे माइल्ड स्टील. कापायला सोपं, वाकवायला सोपं, वेल्डिंग छान धरतं. जास्त जोर आला तर वाकतं पण तुटत नाही, आणि घरच्या हत्याराला हाच गुण पाहिजे. ९० टक्के कामं याच्यातून करा. हँडलसाठी २५ मिमी रुंद आणि ५ किंवा ६ मिमी जाड पट्टी धरून चाला, ३ मिमीची पट्टी दिसायला पुरेशी वाटते पण मोठ्या नटाला पीळ खाते.

बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे असतात. पहिला आकडा ताकदीचा, ८ म्हणजे साधारण ८०० मेगापास्कल, आणि पॉइंटनंतरचा सांगतो की त्या ताकदीच्या किती भागापर्यंत तो कायमचा न ताणता परत येतो. ओढायच्या-दाबायच्या टूलमध्ये ८.८ च्या खालचा बोल्ट नको. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो कमजोरच धरा.

जुनी कानस आणि बेअरिंगची रिंग, हे दोन्ही फार कडक स्टील. कडक म्हणजे ठिसूळ. कानशीचा तरफेसारखा वापर करायचा नाही आणि त्यावर हातोडी तर मुळीच मारायची नाही, तिचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. बेअरिंगची रिंग दाबायला वापरू शकता, ठोकायला नाही. क्रोमच्या चकचकीत गोट्यांचंही तेच, हळू दाबायला ठीक, हातोडीला नाही.

जस्त चढवलेला पाइप किंवा झिंकचे पिवळे-पांढरे बोल्ट वेल्ड करू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की काही तासांनी ताप भरून येतो, थंडी वाजते. आधी वेल्डच्या जागेचं जस्त घासून काढा, आणि तरीही उघड्यावरच करा. क्रोमचा पाना गरम करून वाकवायचा विचार असेल तर तेच, क्रोमचा धूर आणखी वाईट, शिवाय गरम केलेल्या जागेचं पाणी उतरतं आणि पाना तिथे मऊ होतो. हलक्या कामाला चालेल, जोराच्या कामाला नाही.

पाणी द्यायचं असेल, म्हणजे एखादं टोक कडक करायचं असेल, तर कार्बन जास्त असलेलं स्टील लागतं. माइल्ड स्टील कितीही तापवून बुडवा, काही फरक पडत नाही. योग्य स्टील असेल तर लोहचुंबक चिकटायचं थांबेपर्यंत लालभडक करायचं, तेलात बुडवायचं, मग घासून चमकवून परत हळूहळू तापवायचं आणि पिवळसर गवती रंग आला की थांबायचं. हे दुसरं तापवणं विसरलात तर टोक काचेसारखं तुटेल.

५) हात बसवायला छोटी छोटी कामं

स्प्रिंगचा हूक: सायकलची जुनी तार घ्या, साधारण २ मिमीची असते, एका टोकाला आकडा करा, दुसरं टोक लाकडी मुठीत घालून वाकवा. ब्रेक शूची आणि सायलेन्सरची स्प्रिंग याने सहज निघते. मेन स्टँडची जाड स्प्रिंग असेल तर हूकही नको. स्टँड अशा बाजूला ठेवा की स्प्रिंग ताणलेली राहील, तिच्या वेटोळ्यांच्या फटीत वायसर सरकवत जा, मग स्टँड उलट्या बाजूला केला की स्प्रिंग लांबच्या लांब राहते आणि हाताने निघते. नवीन बसवताना तेच उलटं. गॉगल मात्र घाला, एखादा वायसर सुटून उडू शकतो.

खोल जागेतला स्पार्क प्लग: प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल असा वीतभर रबरी पाइप. त्याने प्लग हाताने फिरवत बसवायचा. आटे वाकडे लागले तर पाइप आपोआप घसरतो, त्यामुळे हेडचे आटे वाचतात.

व्हाइसचे मऊ जबडे: ॲल्युमिनियम अँगलचे दोन तुकडे व्हाइसच्या जबड्यांवर टाकायचे, शाफ्टवर दात उमटत नाहीत.

टॅपेटचा (व्हॉल्वची फट जुळवायचा) स्क्रू: त्याचं चौकोनी डोकं व्हर्नियरने मोजा, एका बोल्टच्या टोकाला तेवढ्याच रुंदीची खाच हॅक्सॉने आणि बारीक कानशीने करा, बोल्टच्या डोक्याजवळ आडवं भोक पाडून त्यात खिळा घाला, झालं हत्यार. खाच सैल नको.

६) फिरणारं धरून ठेवणारी हत्यारं

क्लच होल्डर

ओल्या क्लचच्या, म्हणजे क्लच तेलात चालणाऱ्या, बाइकला हा हमखास लागतो. क्लच प्लेट बदलल्यावर जुन्या स्टीलच्या प्लेट टाकून देऊ नका. त्यांचे आतले दात हबवर बरोब्बर बसतात, म्हणजे कंपनीनेच तुम्हाला मापाचा साचा दिलाय. दोन स्टील प्लेट एकावर एक ठेवा, दात जुळवा, बाहेरच्या कडेने थोडे थोडे टाके मारून एक करा. मग त्यावर हातभर लांब पट्टी कडेकडेने वेल्ड करा, मध्यावरून आडवी नाही, कारण मधून गोटी नटापर्यंत गेली पाहिजे. लागोपाठ लांब टाका ओढला तर प्लेट तापून वाकते, म्हणून समोरासमोर छोटे टाके. प्लेट थंड झाली की हबवर घालून बघा, अडकत असेल तर दात कानशीने हलके साफ करा. घर्षणाचं अस्तर असलेल्या प्लेटला वेल्डिंग लावू नका, ती जळते आणि तिचा धूर फार वाईट.

वापरताना पट्टीचं टोक फूटरेस्टच्या लोखंडावर किंवा चेसीवर टेकवा. इंजिनच्या केसिंगवर टेकवायचं नाही. आणि नट खोलायच्या आधी दुमडलेला लॉक वायसर सरळ केलाय का, आणि नट उलट्या आट्यांचा तर नाही ना, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

दोरीची युक्ती

मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) किंवा क्रँकचा नट खोलताना पिस्टनच अडवायचा. प्लगच्या भोकातून नायलॉनची मऊ दोरी आत भरायची, शेपूट बाहेर ठेवायचं. दोरी सुटे धागे न सोडणारी हवी. ऐकायला सोपं आहे पण यात तीन अटी आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. एक, दोन्ही व्हॉल्व बंद असलेल्या वेळेलाच, म्हणजे कॉम्प्रेशनचा वरचा पॉइंट गाठून तिथूनच हलवायचं, नाहीतर दोरी उघड्या व्हॉल्ववर दाबली जाते आणि तो वाकतो. दोन, तुमचा जोर ज्या दिशेला लागणार त्या दिशेला क्रँक फिरवल्यावर पिस्टन वर आला पाहिजे. उजव्या आट्यांचा नट खोलताना क्रँक उलट्या दिशेला ढकलला जातो, म्हणून वरच्या पॉइंटच्या अलीकडे थांबायचं की पलीकडे हे तुमचं इंजिन कुठल्या बाजूला फिरतं त्यावर ठरतं, हाताने फिरवून खात्री करा. तीन, टू-स्ट्रोक असेल तर पिस्टनने पोर्ट पूर्ण झाकलेले असतानाच दोरी भरा, नाहीतर ती पोर्टमध्ये शिरून कापली जाते.

मॅग्नेटचा पुलर, म्हणजे तो ओढून काढायचं टूल, मात्र विकतचाच घ्या. त्याचे आटे बारीक असतात, जुळणारा बोल्ट मिळणं कठीण, आणि कडेला पकडून ओढायला गेलात की मॅग्नेट तरी फुटतो नाहीतर क्रँक तरी ठोकला जातो.

७) आटेरी रॉडचा प्रेस

एकच हत्यार बनवणार असाल तर हेच बनवा. बेअरिंग, स्विंग आर्मचे बुश, कारच्या लोअर आर्मचे रबरी बुश, हँडलखालच्या बेअरिंगचे कप, सगळं याने बसतं आणि हातोडी लागत नाही.

लागतं एवढंच: एम १२ चा ८.८ ग्रेडचा आटेरी रॉड साधारण ३० सेंमी, त्याचे चार नट, शक्यतो लांब उंचीचे, जाड वायसर भरपूर, आणि वेगवेगळ्या मापाचे पाइपचे तुकडे. पाइपची तोंडं अगदी काटकोनात कापलेली हवीत, नाहीतर बुश तिरका शिरतो. कापल्यावर काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर तोंड गोल गोल घासा, सपाट होतं.

वापर असा. एका बाजूला ज्याला दाबायचंय त्याच्या मापाचा पाइप किंवा चकती, दुसऱ्या बाजूला रिकामा कप, म्हणजे बुशपेक्षा मोठा पाइप, ज्यात जुना बुश येऊन पडेल. रॉड मधून घालायचा, दोन्हीकडे वायसर आणि नट, एक नट पान्याने धरायचा, दुसरा फिरवायचा. आट्यांना ग्रीस भरपूर लावा. कोरडा रॉड थोड्याच वेळात आटे खातो आणि नट तिथेच जाम होतो.

इथला नियम पाठ करून ठेवा: बेअरिंग हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुकड्यात) बसवताना बाहेरच्या रिंगवर दाबायचं, शाफ्टवर बसवताना आतल्या रिंगवर. चुकीच्या रिंगवर दाबलं तर जोर गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेत खड्डे उमटतात, आणि नवीन बेअरिंग थोड्याच दिवसांत घरघरायला लागतं. दाबायची चकती म्हणून त्याच नंबरचं जुनं बेअरिंग उत्तम. फक्त त्याची बाहेरची कड ग्राइंडरवर गोल फिरवत अर्धा मिमी कमी करा, म्हणजे ते हबमध्ये अडकून बसत नाही. त्यावर कायमच्या शाईने नंबर लिहा. बेअरिंगचा नंबर बघून मापही कळतं, ६२०२ म्हणजे आतून १५, बाहेरून ३५ आणि जाडी ११ मिमी, ६३०१ म्हणजे १२, ३७ आणि १२.

हब उकळत्या पाण्याने गरम केला आणि नवीन बेअरिंग तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं तर निम्मा जोर लागतो, कारण ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण दुप्पट फुगतं. ज्योत मारू नका, सील आणि रंग जातात. पाणी वापरलं असेल तर बसवायच्या आधी हब आतून कोरडा करा.

८) चाकातलं बेअरिंग काढायचं

दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर असतो आणि मागून पंच लावायला जागाच नसते. बेअरिंगच्या आतल्या भोकात घट्टसर जाईल असा बोल्ट घ्या, १२ मिमीच्या भोकाला एम १२ बरोबर. त्याच्या टोकाला लांबीने मधोमध हॅक्सॉने २५ मिमी खोल चीर घ्या. हा बोल्ट बेअरिंगमध्ये अशा बेताने घाला की चिरेचं टोक बेअरिंगच्या जरासं आत जाईल, मग चाकाच्या दुसऱ्या बाजूने लांब सळई घाला जिचं टोक पाचरीसारखं घासलंय, आणि ती चिरेत ठोका. चीर फाकते, बोल्ट आतल्या रिंगला गच्च धरतो, आणि पुढचे ठोके बेअरिंगला बोल्टसकट बाहेर ढकलतात. भिंतीत बसवायचा फुगणारा अँकर बोल्ट मापाचा मिळाला तर तोही असंच धरतो.

हे करताना जोर गोळ्यांमधून जातो, त्यामुळे असं काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नाही, हे गृहीत धरूनच सुरू करा. बेअरिंगला अडवणारी सर्कलिप (स्प्रिंगची रिंग) आधी काढलीय ना?

९) खाचांच्या गोल नटाची गोटी

हँडलखालचा बेअरिंग दाबणारा गोल नट, चार खाचांचा, याला लोक पेचकस लावून हातोडीने फिरवतात, कारण सगळेच तसं करतात. खाचा फाटतात आणि टाइट किती झालं ते कधीच कळत नाही.

नटाच्या बाहेरच्या मापाएवढा, किमान ३ मिमी जाड भिंतीचा पाइप घ्या. कागदाची पट्टी नटाभोवती गुंडाळून खाचांच्या खुणा त्यावर घ्या, तीच पट्टी पाइपवर चिकटवा आणि खुणांच्या मधला भाग कापून टाका, म्हणजे चार दात उरतील. दात ४-५ मिमी उंच पुरे. दातांच्या बाजू सरळ ठेवा, टोकाकडे निमुळत्या केल्या तर जोर लावल्यावर पाइप वर चढून निसटतो. वरच्या टोकाला आरपार भोक पाडून आडवी सळई घाला, किंवा जुनी गोटी वेल्ड करा म्हणजे रॅचेट लागेल. शेवटी हँडल आपल्या वजनाने दोन्हीकडे सहज पडतंय आणि पुढचं चाक पुढेमागे हलवलं तर खडखडत नाही, एवढं जुळलं पाहिजे.

१०) वायरिंगसाठी दोन दिवे

पहिला, टेस्टर. जुन्या पेनाच्या नळीत एलईडी आणि त्याला सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, एका बाजूला टोकदार सुई, दुसऱ्या बाजूला लांब वायर आणि चिमटा. साधारण १० मिलिअँपिअर करंट जातो, त्यामुळे नाजूक सर्किटवर ताण येत नाही. बल्बचा टेस्टर यापेक्षा खूप जास्त करंट ओढतो, म्हणून ईसीयूच्या (इंजिनच्या कंप्युटरच्या) वायरींवर तो नको. एअरबॅगच्या वायरी, ज्या बहुतेक पिवळ्या कनेक्टर-स्लीव्हच्या असतात, त्यांना यातलं काहीच लावू नका.

दुसरा दिवा मला सगळ्यात आवडतो. फ्यूज लावला की उडतो, लावला की उडतो, अशा वेळी उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना वायर डाग देऊन जोडा आणि १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब त्याला लावा. हा फ्यूजच्या जागी खोचायचा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही म्हणून वायर जळत नाही. आता निवांतपणे एकेक कनेक्टर काढत जा, हार्नेस (वायरींचा जुडगा) जिथे चेसीला घासते तिथे हलवून बघा. ज्या क्षणी बल्ब मंद होतो किंवा विझतो तिथेच तुमचा शॉर्ट आहे. डब्बाभर फ्यूज वाचतात. हासुद्धा दिवे, हॉर्न, इंडिकेटरच्या सर्किटलाच, ईसीयूच्या नाही.

११) ब्रेक ब्लीडर आणि फोर्क ऑइलची सिरिंज

ब्लीडर, म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायचं साधन: झाकणाला दोन भोकं असलेली पारदर्शक बाटली, एकातून नळी आत, दुसरं हवेला. नळी निपलवर (ब्रेकवरच्या हवा सोडायच्या स्क्रूवर) घट्ट बसली पाहिजे, ती आधी वर जाऊन मग बाटलीत उतरली पाहिजे म्हणजे बुडबुडे निपलकडे परत येत नाहीत, आणि तिचं टोक ताज्या ब्रेक फ्लुइडमध्ये बुडालेलं हवं. सिलिकॉनची नळी असेल तर टोक स्क्रूने बंद करून त्याच्या वर ब्लेडने लांबीने १ सेंमीची चीर द्या, तो एकतर्फी व्हॉल्व होतो आणि एकट्याने ब्लीडिंग जमतं.

इथे सापळा असा की लोक इंजिन ऑइलची किंवा पेट्रोलची जुनी बाटली-नळी घेतात. खनिज तेलाचा थेंबही ब्रेकच्या रबरी सीलना फुगवतो. ब्रेकचं सामान वेगळंच ठेवा, त्यावर लिहून. बाटलीत जमलेलं फ्लुइड परत टाकीत ओतायचं नाही, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि डॉट ३, डॉट ४ रंग खातात, सांडलं की लगेच भरपूर पाणी.

सिरिंज, फोर्कमधल्या (बाइकच्या पुढच्या शॉकमधल्या) ऑइलची लेव्हल जुळवायला: ६० मिलीची सिरिंज, तिला लांब कडक बारीक नळी, आणि नळीवर पुढेमागे सरकणारी आडवी पट्टी. नळीचं टोक पट्टीखाली मॅन्युअलमधल्या लेव्हलएवढं ठेवा. फोर्क पूर्ण दाबलेला, स्प्रिंग बाहेर, ऑइल थोडं जास्त भरलेलं, पट्टी फोर्कच्या तोंडावर टेकवून ओढायचं. हवा यायला लागली की थांबा. दोन्ही पाय अगदी सारखे होतात.

१२) टॉर्कचं घरगुती गणित

सामान मोजायचा हूकवाला डिजिटल काटा असतो ना, तो पान्याच्या टोकाला अडकवून काटकोनात ओढा. बोल्टच्या मध्यापासून हूकपर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजा. पाहिजे तो न्यूटन-मीटर आकडा ९.८१ ने भागा, मग त्या अंतराने भागा, जेवढे किलो येतील तेवढ्यावर थांबा. ४४ न्यूटन-मीटर आणि ३० सेंमी पाना असेल तर जवळपास १५ किलो. काटकोन सुटला की आकडा चुकतो, तेवढं जपा. एक्सल, ड्रेन प्लग असल्या मोठ्या बोल्टना हे छान चालतं. हेडचे बोल्ट आणि ६ मिमीचे छोटे बोल्ट यांना खरा टॉर्क रेंचच हवा.

१३) शेवटचा हात फिरवा

कापलेल्या प्रत्येक कडेचा बर (उरलेली धारदार कोर) कानशीने काढा, नाहीतर तो तुटून इंजिनमध्ये पडतो किंवा हाताला लागतो. वेल्डवरचा मळ ठोकून काढा, तारेच्या ब्रशने घासा, धुवा, वाळवा, आणि मगच उघड्या इंजिनजवळ न्या. रंग द्या पण आट्यांना आणि बसायच्या जागेला नको, तिथे तेलाचा हात. प्रत्येकावर कुठल्या गाडीचं, कुठल्या कामाचं ते पंच करून किंवा रंगाने लिहून ठेवा, दोन वर्षांनी पाइपचा तुकडा हातात धरून काही आठवत नाही.

पहिल्या वापरानंतर टूल उजेडात नीट बघा. पट्टीला पीळ आलाय का, टाक्याच्या कडेला केसासारखी चीर दिसते का, रॉडचे आटे ताणलेत का. चीर दिसली तर त्यावर परत टाका मारत बसू नका, तो भाग कापून जाड पट्टीत नवीन करा. आटे ताणलेला रॉड सरळ भंगारात.